घाटमाथ्यावरच्या करवंट्या

ग्रामसभेत खाणीच्या मॅनेजरनं कागद वाचून दाखवला, "काल बॉक्साइटच्या पंचवीस गाड्या घाट उतरल्या." गाडीमागं गावाला पैसे मिळायचे, म्हणून सरपंचांनी आकडा लिहायला पेन उघडलं. तेवढ्यात घाटमाथ्यावरच्या भैरोबाचा गुरव, केरबा, पाठीवर पोतं घेऊन पुढं आला आणि त्यानं ते मॅनेजरच्या टेबलावर पालथं केलं. खोबऱ्याचा वास सुटला. करवंट्या गडगडत पार दारापर्यंत गेल्या.

"एकाहत्तर हायत. मोजून घ्या की."

"हे काय आहे?"

"भरल्या गाडीचा डायवर भैरोबाला नारळ फोडल्याबिगार घाट उतरत न्हाय, पावणं. निम्मा नारळ त्याचा, निम्मा माझा. ह्यो कालचा माझा निम्मा."

"भाविकांचे नारळ असतील."

"बुधवारचं? काल देवळात मी हुतो आन माझं कुत्रं."

सभा खदखदून हसली. मॅनेजर लालबुंद झाला. "उद्यापासून आमची एकही गाडी तुझ्या देवळापुढं थांबणार नाही!"

"काढा की हुकूम," टेबलावर दोन्ही हात टेकून केरबा म्हणाला. "पर नारळ न फोडता भरली गाडी त्या घाटात घालणारा डायवर कुठनं आणशीला?"

केरबा आता मॅनेजरकडं बघतच नव्हता. तो दाराकडं बघत होता. तिथं मॅनेजरचाच डायवर पायाशी आलेली करवंटी उचलून कपाळाला लावत होता.