पुस्तकांच्या खोलीतला ताप

नॉर्विचचे वैद्य थर्लबी म्हणजे आमचे दाजी. त्यांची सगळी पुस्तकं आमच्याकडच्या रीतीप्रमाणे पाठ भिंतीकडे आणि पानं बाहेर करून मांडलेली. शेकोटी त्याच खोलीत, म्हणून तापानं फणफणलेल्या लेटिसताईचा पलंगही तिथेच.

उपाय शोधताना दाजींचा हात एका जाड पुस्तकावर थबकला.

"याला नाडी लागतेय."

"बरी आहे ना?" मी विचारलं.

"उत्तम. ताप उतरलाय."

"अहो, कधी बायकोचीही बघा," ताई म्हणाली.

दाजींनी तिचं मनगट धरलं. मीही मनगटाला कान लावला. आत कुणीतरी सावकाश पानं उलटत होतं.

"थोडीच उरलीत," दाजी कुजबुजले.

पानांची सळसळ थांबली. वाचताना कुणाची चाहूल लागली की माणूस मान वर करून बघतो, तशी.