पेटीवरचं नाव

झाकणावर रंग धरेना. अर्जुनानं पुन्हा एकदा फडकं फिरवलं. आजूबाजूचं लाकूड वरवर तांबूस झालं आणि मधोमध खरवडून काढलेली अक्षरं फिकट होऊन परत वर आली. नाईक साईराज अर्जुना मोहिते.

मनुबाई पडवीत शेंगा फोडत होती. तिनं ते पाहिलं आणि पुढची शेंग घेतली.

साईराज दोन वर्षांपूर्वी बर्फात गेला. मागाहून त्याच्या पलटणीतून ही पाईनच्या लाकडाची पेटी आली. तेव्हापासून मनुबाईला काही जाणवत नव्हतं. भाकरी करताना चटका बसला तर हातावर फोड आल्यावर कळायचं. सून उत्कर्षा घरात वावरायची, वाढायची, ताटं उचलायची. दोघींत भांडण नव्हतं. बोलणंही नव्हतं.

आणि आज सकाळपासून नवरा लेकाचं नाव पुसत बसला होता. याला आता विसरायचंय, असं तिला वाटलं. राग यायला हवा होता. तोही आला नाही.

दुपारी मलकापूरचा पॉलिशवाला आकाराम आला. त्यानं झाकणावर नख ओढून पाहिलं.

"तात्या, ह्याला आदीच सीलर मारलेला हाय. वरनं कितीबी फासा, रंग आत जायाचा न्हाई. आन अक्षरांचा ऑइलपेंट तर पार मुरलाय."

"मग काय करू?"

"निसतं नाव घासून भागायचं न्हाई. समदं झाकण कोऱ्या लाकडावर आणा. पाईन लय मऊ. कुटं जास्त पितंय, कुटं कमी. म्हणून सीलर पातळ करून एकच हात द्या. वाळला की पॉलिश पेपर हलका फिरवा. मग रंग."

आकाराम पेपर आणि सीलरचा डबा ठेवून गेला. अर्जुना मांडी घालून घासायला बसला. अंगणात पिवळा भुसा पडू लागला, राळेचा वास सुटला. आडनाव गेलं, हुद्दा गेला, त्याचं स्वतःचं नाव गेलं. साईराजवर हात आला तेव्हा तो थांबला. मग त्यानं डोळे मिटून तेवढं घासलं.

उन्हं कलली तसा रंग बसला. कुठं डाग नाही, कुठं फिकट नाही. पेटी कुणाचीही असावी, तशी दिसत होती.

मनुबाई उठून जवळ आली. "आवं," ती म्हणाली, "पोराचं नाव का काढलंसा?"

अर्जुनानं वर पाहिलं नाही. "पोरीला सासरी धाडायची हाय."

"कुटली पोर?" त्यांना मुलगी नव्हती.

"उत्कर्षा. शिरवळला कंपनीत हाय एक जण. त्याची बायको वारलीया. मी जाऊन बघून आलो, माणूस बरा हाय. उत्कर्षाला इचारलं, ती व्हय म्हणाली. तुला सांगाया तिला धीर व्हईना." त्यानं फडक्यानं हात पुसले. "ह्या घरातली एवढी पेटीच मागितली तिनं. नाव काढा म्हणाली न्हाई. मलाच वाटलं, नव्या घरात येता-जाता तिला वाचाया नगं."

मनुबाई पेटीशेजारी खाली बसली.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. उत्कर्षा दारात येऊन उभी राहिली. हातात ओला तांब्या, मान खाली. मनुबाईनं तिच्याकडं पाहिलं. गालाची हाडं वर आली होती. पोर एवढी कधी वाळली, ते तिला कळलंच नव्हतं. तिच्या छातीत काहीतरी दुखलं. किती दिवसांनी दुखलं.

"उत्कर्षा."

"जी."

"लगीन झाल्यावर पहिली दिवाळी माहेरात करायची असती," मनुबाई म्हणाली. "जावयाला घेऊन इकडंच यायचं."