कंगव्याची तोंडी परीक्षा

“कंगवा टेबलावर ठेव आणि जरा लांब बस,” बाई म्हणाल्या.

मालक लांब बसले. पस्तीस वर्षांपूर्वी याच बाईंनी त्यांना विज्ञान शिकवलं होतं. आता त्या, कुठली वस्तू निसर्गाच्या चालीने चालते आणि कुठली नाही, हे ठरवणाऱ्या मंडळाच्या परीक्षक होत्या. त्यांची सही झाल्याशिवाय कारखान्याचा नवा हिरवा कंगवा बाजारात जाणार नव्हता. मालकांना निकालाची काळजी नव्हती. ‘निसर्गाच्या परीक्षेत उत्तीर्ण’ असं छापलेली तीस हजार खोकी खाली रचून तयार होती.

बाईंनी कंगवा चष्म्यापाशी नेला. मुठीवर एक पान कोरलेलं होतं, शिरांसकट.

“हे पान काय काम करतं?”

“निसर्गाची आठवण करून देतं, बाई.”

“झाडाच्या पानाला स्वयंपाक करावा लागतो. नुसती आठवण करून देणारं पान झाड ठेवून घेत नाही.” त्यांनी कागदावर एक शून्य काढलं. “दाता मोडला तर?”

“नवा कंगवा घ्यायचा!” मालक आनंदाने म्हणाले.

“शार्कचा दात पडला की मागचा पुढे सरकतो. अख्खा शार्क बदलत नाहीत.”

“पण बाई, असं केलं तर धंदा किती दिवस टिकायचा?”

“शार्क चाळीस कोटी वर्षं टिकलाय.”

मालकांनी डिझायनरकडे पाहिलं. डिझायनर त्यांचे जावई होते, त्यामुळे त्यांच्याकडे नुसतं पाहता येत असे.

“टाकून दिला की कुजतो,” जावई घाईने म्हणाले. “मक्यापासून केलाय. मोठ्या भट्टीत साठ अंशांवर तीन महिने ठेवला की झाली माती.”

“अशी भट्टी निसर्गात कुठे असते?”

जावयांनी प्रामाणिकपणे विचार केला. “ज्वालामुखीच्या आसपास,” ते म्हणाले.

दुसरं शून्य पहिल्यापेक्षा गोल आलं.

“आता केस विंचरून दाखवा कोणीतरी.”

मालकांना पूर्ण टक्कल होतं, त्यामुळे ते आयुष्यभर कंगव्याकडे निःपक्षपातीपणे पाहत आले होते. जावयांचे केस टॉवेलनेच विंचरले जात. शेवटी पॉलिश खात्यातल्या मावशींना वर बोलावलं. मावशींनी टोपी काढली, अंबाडा सोडला आणि दाट, कुरळे केस पाठभर पसरले. जावयांनी एवढे केस कारखान्यात पहिल्यांदाच पाहिले असावेत. ते उभे राहिले.

हिरवा कंगवा केसांत शिरला आणि चार बोटांवर अडकला. मावशींनी ओढला. आतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला.

“केसच तुटला असेल,” मालक म्हणाले.

“केस कसला तुटतोय!” मावशींनी गुंत्यातून एक हिरवा दाता काढून टेबलावर ठेवला. “थांबा, साहेब. याच्याने संध्याकाळ होईल.” आणि त्यांनी एप्रनच्या खिशातून स्वतःचा कंगवा काढला. काळा, जुना, निम्मे दाते गायब. चारदा फिरवताच गुंता सुटला. मग कंगवा उलटा धरून त्यांनी भांग पाडला, सरळ, आरशाशिवाय.

“इकडे द्या पाहू तो,” बाई म्हणाल्या.

“मोडका आहे हो. आपल्याच भंगारातला. नऊ वर्षं झाली.”

“दाते पडले की पाडले?”

“पाडले. गुंत्याला दाते लांब लांब लागतात, म्हणून या बाजूचे काढले. भांगाला जवळ लागतात, ते ठेवले. टोकं तेवढी जिन्याच्या पायरीवर घासली, टोचत होती.”

बाई बराच वेळ बोटाने एकेक टोक चाचपत राहिल्या. वर्गात एखाद्या मुलाने बरोबर उत्तर दिलं की त्या अशाच गप्प होत, हे मालकांना आठवलं. त्यांना स्वतःला मात्र बाईंना तसं कधी गप्प करता आलं नव्हतं.

“फुकट गेलेल्या मालातून केला, आहे तिथेच केला, जादा काही ठेवलं नाही, आणि एकात दोन कामं,” बाई म्हणाल्या. “हा पास.”

“म्हणजे आमचाच कंगवा पास!” मालक उठून उभे राहिले. “बाई, करा सही!”

“करते. पण खोक्यात असाच कंगवा गेला पाहिजे. पुढच्या महिन्यात येऊन बघेन. पान कोरलंस तर याद राख.”

सही झाली. मालकांनी ती फुंकर मारून वाळवली, बॉलपेनची असूनही. मग काळा कंगवा रुमालात गुंडाळून जावयांच्या हातात दिला. “जावईबापू, साच्यासाठी. जपून.”

“आणि मी काय बोटांनी विंचरू?” मावशी म्हणाल्या.

मालकांचं मन आज मोठं झालं होतं. त्यांनी टेबलाखालच्या नमुन्यांच्या खोक्यातून एक कोरा हिरवा कंगवा काढून मावशींना दोन्ही हातांनी दिला.

मावशींनी तो उजेडात धरला. अंगठा टेकवला. तट.

“जावईबापू, लिहा,” मालक कुजबुजले. “कितवा मोडतात ते लिहून घ्या.”

जावयांनी लिहिलं: एक सोडून एक. तट. तट. मग मावशी थांबल्या. कानामागची एक बट बोटाभोवती गुंडाळून, ओढून पाहिली, मान हलवली, आणि दोन दाते सोडून तिसरा मोडला.

जावयांनी लिहिलेलं खोडलं आणि खुर्ची जरा जवळ ओढली.