पडलेली लय

"थर्मन, लय पडतेय रे बाबा!" काचेमागून गिलचा आवाज आला. रेकॉर्ड त्याची, पैसा त्याचा. "ओळ संपली की बंद पडलेली गाडी ढकलतोय असं वाटतंय."

"हात आखडलाय जरा," थर्मन म्हणाला. "परत घेऊ."

मेम्फिसमधल्या कुठल्याही स्टुडिओत जाऊन विचारा, थर्मन प्रुइटची लय कधी पडली का म्हणून. तोंडावर हसतील. रेकॉर्डच्या पाकिटावर गाणारीचा फोटो असतो, ड्रम वाजवणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. पण धंद्यातली माणसं दोन ठोक्यांत ओळखतात कोण बसलंय ते. त्या ओळखीवरच तर पुढचं बोलावणं येतं, आणि घरची चूल पेटते.

माईकपुढे अर्लीन उभी होती. न्यूमोनियातून उठल्यावरचं हे तिचं पहिलंच गाणं. ओळीच्या शेवटी तिचा श्वास तुटतोय, हे थर्मनला पहिल्याच खेपेला कळलं होतं. ती श्वास भरून घेईपर्यंत तो पुढचा ठोका हातातच धरून ठेवायचा. अगदी जरासा. ड्रम थांबला की बास गिटार थांबते, बास थांबली की ट्रंपेट-सॅक्सोफोनवाले थांबतात. सगळी मंडळी तिच्यासाठी खोळंबायची आणि बाईला पत्ताच नाही.

पुढच्या खेपेला ती शेवटपर्यंत गायली. काय गायली! सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

गिल बाहेर आला. "हेच ठेवायचं. असं गाणं पुन्हा नाही मिळायचं. पण थर्मन, राग मानू नकोस. पुढच्या रेकॉर्डला मी कॉर्नेलला बोलावतोय. तरणा आहे, हात चालतो त्याचा."

थर्मनला ते लागलं. लागणारच. ड्रमवर ठेवलेलं आपलं पैशाचं पाकीट उचलून त्याने खिशात टाकलं. आवाज दबावा म्हणून तो ते तिथे ठेवायचा.

गिल आत गेल्यावर बासवाला बकी त्याच्या कानाशी वाकला. "अरे, सांग की त्याला! हे रेडिओवर लागलं की गावभर होईल, थर्मन संपला म्हणून. कोण बोलावणार मग तुला? तू नसशील सांगत तर मी सांगतो."

"गप बस," थर्मन म्हणाला. "ती येतेय."

अर्लीन घाम पुसत, हसत आली. "काय रे म्हाताऱ्या, पेंगत होतास काय? देवाची कृपा बघ! डॉक्टर म्हणाला, बाई, फुप्फुसं गेली तुमची, आता चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून नुसत्या टाळ्या वाजवा. आणि आज? एकदासुद्धा दम लागला नाही मला. एकदासुद्धा!" बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. मग तिने थर्मनच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज मऊ केला. "गिलचं मनाला लावून घेऊ नकोस, राजा. वय काय, सगळ्यांचंच होतं."

बकीने तोंड उघडलं. थर्मनने त्याच्याकडे असं पाहिलं की ते तसंच मिटलं.

"खरंय गं," थर्मन म्हणाला. "आज धाप लागली ती मलाच."