सन्मानाने सेवामुक्त

“एकच लक्षात ठेवा, मिस्टर स्ट्राउड,” वकीलबाई म्हणाल्या, “‘हुकूम मोडला’ हे शब्द तुमच्या तोंडून येता कामा नयेत.”

वर्लिन स्ट्राउडने टोपी गुडघ्यावर धरली होती. शेजारी त्याची मुलगी रोंडा बसली होती. समोरच्या पडद्यावर थोड्याच वेळात सैन्याच्या फेरविचार मंडळाचे सदस्य दिसणार होते.

“मुद्दाम मोडला म्हणालात की विषय संपला. पण मन आजारी होतं, हुकूम कळलाच नाही, असं असेल तर हल्ली मंडळ सहानुभूतीने ऐकतं. व्हिएतनामहून आलेल्या कितीतरी जणांच्या सेवामुक्तीच्या कागदावरचे शेरे असे बदलून मिळालेत.”

“म्हणजे मी वेडा झालो होतो म्हणायचं.”

“आजारी.”

“आणि मग खोली मिळेल?”

“शेरा बदलला तर मिळेल.”

वर्लिनने मान डोलावली.

खोली माजी सैनिकांच्या निवासगृहातली. गावाबाहेरच्या टेकडीवरच्या त्या निवासगृहात नवरा-बायकोला एकत्र राहता यायचं. पण सैन्याने अपमान करून हाकललेल्या माणसाला तिथे दार बंद होतं. बाकी सगळीकडे त्याच्या बायकोला, इडाला, एकटीला ठेवावं लागणार होतं. वर्लिन कोण हे इडाला आता कळत नसे. तरी जेवायची ती त्याच्याच हातून. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून घ्यायची.

रोंडाचं सगळं बालपण त्या शेऱ्याखाली गेलं होतं. ओहायोतलं ते गाव लहान, सगळ्यांना सगळं ठाऊक. दर नोव्हेंबरात सैनिक दिनाला चर्चच्या हॉलमध्ये माजी सैनिकांना नाश्त्याला बोलवायचे, नाव घेऊन उभं करायचे, लोक टाळ्या वाजवायचे. त्या सकाळी वर्लिन ट्रकचं बॉनेट उघडून त्यात डोकं घालून बसायचा. शाळेत एकाने तिला तोंडावर सांगितलं होतं, “तुझा बाप शेपूट घालून पळाला.” घरी येऊन तिने आईला विचारलं. इडा बोलायला लागली, तेवढ्यात वर्लिन म्हणाला, “इडा, पुरे,” आणि बाहेर निघून गेला. रोंडाने काय समजायचं ते समजून घेतलं. पुन्हा कधी विचारलं नाही.

पडदा उजळला. मधल्या पिकल्या केसांच्या अधिकाऱ्याने शांतपणे प्रश्न विचारले. वर्लिन उत्तरं देत गेला. झोप लागत नव्हती. कानात सतत घणघण व्हायची. कोण काय बोलतंय ते पोचत नव्हतं.

“त्या दिवशी कॅप्टननी नेमका काय हुकूम दिला होता?”

“आठवत नाही, साहेब.”

“तुम्ही बंदूक खाली ठेवलीत. नकार म्हणून ठेवलीत, की काय चाललंय ते तुम्हाला समजत नव्हतं?”

वर्लिन टोपीची कड बोटांनी चाचपत राहिला. इतका वेळ, की वकीलबाई पुढे सरकल्या. रोंडाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“समजत नव्हतं,” तो म्हणाला. “माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, साहेब.”

“सांगितलंत ते फार बरं झालं,” अधिकारी म्हणाला. रोंडा रडत होती.

परतताना गाडीत तिने मन मोकळं केलं. “डॅडी, इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही घाबरलात. लाज वाटायची मला तुमची. आजारी होतात, एवढं एक वाक्य सांगितलं असतंत तर?”

“झालं ते झालं.”

“आता मला राग नाही, एवढंच सांगायचंय.”

“हीटर जरा कमी कर, पोरी,” वर्लिन म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

वसंतात निकाल आला. जुना शेरा रद्द झाला. वर्लिन स्ट्राउड सन्मानाने सेवामुक्त ठरला. पुढच्याच महिन्यात त्यांना खोली मिळाली. तिथल्या नर्सने दाराला छोटासा झेंडा लावला आणि वर्लिनचा हात हातात घेऊन म्हणाली, “देशासाठी केलंत त्याबद्दल आभार.” त्याने हात हळूच सोडवून घेतला. नर्स हसून पुढच्या खोलीकडे गेली.

इडाला खिडकीपाशी बसवलं होतं. कपाटात तिचे स्वेटर लावणाऱ्या वर्लिनकडे ती बराच वेळ बघत होती.

“तुम्ही फौजेत होता का हो?”

“होतो, बाई.”

“माझा नवराही होता.”

“हो मम्मी,” रोंडा लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली. “तिकडे त्यांची तब्येत बिघडली होती ना? म्हणून घरी पाठवलं.”

इडाचा चेहरा एकदम कडक झाला. “कोण म्हणतं बिघडली होती? खुटखुटीत होता माझा वर्लिन! तळ्याकाठी गावातली बायका-पोरं उभी केली होती त्याच्याच पलटणीने. कॅप्टन म्हणाला, घाला गोळ्या. वर्लिन म्हणाला, नाही, साहेब. त्याने पुन्हा दरडावलं, हा पुन्हा म्हणाला, नाही. बंदूक ठेवली आणि पोरांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. चौघांनी ओढत बाजूला नेलं त्याला.” तिचा आवाज खाली आला. “मग बाकीच्यांनी घातल्या.”

रोंडाच्या हातातली उशी तशीच राहिली.

“लग्नाआधी सांगितलं त्याने मला. म्हणाला, वाचलं कुणीच नाही, मग शाबासकी कसली घ्यायची? कुणाला सांगू नकोस.” इडा वर्लिनकडे वळली. “आख्ख्या पलटणीत तो एकटा शुद्धीवर होता हो. तुम्ही ओळखता का त्याला?”

“नाही, बाई,” वर्लिन म्हणाला.

त्याने जाऊन दार लावून घेतलं. मग मुलीकडे न बघता हळूच म्हणाला, “हे बाहेर बोलू नकोस, रोंडा. खोली जाईल.”