माहेरचं नाव

पत्र्यावर टण्णकन खडा वाजला.

"गोदू, पत्रा फुटंल!" शिवकन्या आतूनच ओरडली.

बाहेर सहा वर्षांची गोदू चिंचेखाली उभी होती. वरच्या फांदीला गाभुळलेल्या चिंचांचा एक घोस लटकत होता आणि सकाळपासून पोरीचं ध्यान त्याच्यातच होतं. शिवकन्यानंही चार खडे मारून पाहिले होते. एक शेजारणीच्या वाळवणात पडला, बाकीचे अर्ध्यातूनच माघारी आले. "आई, तुला नुसती सुई टोचता येती!" म्हणून गोदू पोट धरून हसली होती. शिवकन्याही हसली होती. सकाळी.

आता समोर तिचा मोठा भाऊ परमेश्वर बसला होता. अंगात खाकी वर्दी, टोपी गुडघ्यावर. दुसऱ्या ठाण्याला असूनही तो तिच्या कामाची मुद्दाम चौकशी करून आला होता. त्याच्या चहावर साय धरली होती.

"रिपोर्ट गेला," तो पुन्हा म्हणाला. "गुन्हा शाबीत हाय म्हणून लिहिलंय. साहेब तरी काय करतील? रेकॉर्डला हाय ते हाय."

सरकारी दवाखान्याच्या नर्सच्या निवड यादीत तिचं नाव चौथं होतं. जिंतूरच्या एका खाजगी दवाखान्यात रात्रपाळ्या करून, सकाळी गोदूला मांडीवर घेऊन तिनं परीक्षेचा अभ्यास केला होता. त्याच्या आधी नर्सिंगचा कोर्स चालू होता तेव्हा नवऱ्यानं स्वतः भाकरी थापल्या, पण तिला मागं येऊ दिलं नाही. आता एक चारित्र्य पडताळणी तेवढी राहिली होती. तिच्या फॉर्मवर एक रकाना होता, माहेरचं नाव. तिनं तो सुंदर अक्षरात भरला होता.

आठ वर्षांपूर्वी, चारठाण्याच्या शिवारात, शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून भांडण पेटलं. शेजारच्या दिनकररावांच्या डोक्यात मागून दगड बसला. ते कोसळले आणि दोन्हीकडची माणसं पांगली. शिवकन्या तेवढी पुढं धावली. नुकती बारावी झालेली पोर. ओढणीची घडी करून तिनं जखमेवर दाबली, करकचून बांधली आणि जीप येईस्तोवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दिनकररावांनी दगड मारणारा पाहिलाच नव्हता. डोळे उघडले तेव्हा त्यांना हिचं तोंड दिसलं, तेच त्यांनी सांगितलं. पंचनाम्यात रक्तानं भिजलेली ओढणी जप्त झाली.

परमेश्वरची पोलीस भरती दहा दिवसांवर आली होती. आबांनी लेकीला जवळ बसवलं.

"पोराच्या नावावर गुन्हा म्हंजी जन्माचा डाग. पोरीचं काय? लग्न झालं की आडनावच बदलतंय. मग ह्या नावाची पोरगी राहतीच कुठं?"

सगळ्यांना ते पटलं. तिलाही पटलं. वकील म्हणाला, कबूल म्हणून टाका, दंड भरा, तारखा संपल्या. कोर्टात जज्जसाहेबांनी दोनदा विचारलं. दोनदा तिनं "कबूल हाय" म्हटलं. घरी आल्यावर आईनं मीठमोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली. महिन्याभरात लग्न लागलं, आणि आबा म्हणाले होते तसं आडनाव बदललं.

"दादा," शिवकन्या म्हणाली. पुढचे शब्द तिनं मघापासून मनात जुळवून ठेवले होते. "तू एकदा जाऊन खरं सांगितलंस तर?"

परमेश्वरनं आधी दाराकडं पाहिलं.

"येड्यावानी बोलू नको, शिवे. वर्दी उतरंल माझी. आन् तुझं काय अडलंय? खाजगी दवाखान्यात कोण इचारायलंय तुला? दोघांतल्या एकाचं तरी नीट झालं ना? आबाच्या जिवाला तेवढंच बरं."

शिवकन्यानं त्याच्यासमोरचा कप उचलला.

"निवला हा. दुसरा करू?"

"नको. ड्यूटी हाय."

गोदू दारात येऊन उभी राहिली. हाताला माती, फ्रॉकच्या खिशात खडे.

"मामा, आईला नोकरी का देईनात?"

परमेश्वरनं टोपी घातली. भाचीचा गाल ओढला.

"तुझी आई लग्नाच्या आधी लय दांडगी व्हती गं! एका माणसाला दगड हाणला तिनं. डोकं फुटलं त्याचं. म्हणून."

तो हसलासुद्धा. शिवकन्यानं हातातली कपबशी खाली ठेवली. तिला वाटलं, इतक्या वर्षांत हे त्यालाच खरं वाटायला लागलं की काय.

अंगणात उतरल्यावर परमेश्वरनं वर पाहिलं. वाकून एक दगड उचलला. थांबला नाही, नीट नेमही धरला नाही. चालता चालता हात फिरवला आणि अख्खा घोस गोदूच्या पायाशी येऊन पडला.

"घे. मामाकडून."

मोटारसायकल चालू झाली, वळली, गेली. गोदूनं ओच्यात चिंचा गोळा केल्या. एक सोलून आधी आईच्या तोंडापुढं धरली. शिवकन्यानं पदरानं तिचे मातकट हात पुसले, गालाला चिकटलेलं टरफल काढलं. पोर वर फांदीकडं बघत होती, मग आईकडं, मग पुन्हा फांदीकडं. सकाळचं तिच्या चांगलं ध्यानात होतं.

"आई, तुझा खडा तर चिंचंपर्यंत बी जाईना. मग त्या माणसाचं डोकं तू कसं फोडलंस?"