कोन्सूचा सूर

मिस्सा सुरू होण्याआधी रेश्माने मोबाइलवर लिहून इनासमास्तरांसमोर धरलं, "मावशींना तुम्ही उगाच वरच्या पट्टीत गायला लावलंत, मास्तर. त्यांचा आवाज खालचा आहे. आज त्या एकट्या गाणार आहेत."

चर्चचा गायकवृंद मास्तरांनीच उभा केला होता. दोन्ही कान गेले तेव्हा तो त्यांनी रेश्माकडे सोपवला. मावशी म्हणजे त्यांची बायको, कोन्सू. लग्नानंतरच्या पहिल्याच तालमीत त्यांनी तिला सगळ्यांदेखत थांबवलं होतं, "तुझा सूर लागत नाही. तू आपले नुसते ओठ हलव." हे बोलून ते विसरूनही गेले. ती विसरली नाही. केस पिकेपर्यंत दर रविवारी मागच्या रांगेत उभी राहून ती तसेच ओठ हलवत राहिली. घरी भांडी घासतानासुद्धा कधी गुणगुणली नाही.

ऑर्गनवर रेश्माची बोटं फिरू लागली. कोन्सू पुढे आली. मास्तरांच्या शेजारी बसलेल्या व्याह्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मास्तरांनी मागे वळून पाहिलं, तर सगळं चर्च तिच्याकडे बघत होतं.

मास्तरांनी कानामागे तळवा धरला आणि ते पुढे झुकले. कोन्सूचे नुसते ओठ हलत होते.